घाणीचा तुटवडा

गावात सांडपाण्याचा प्लांट सुरू होणार म्हटल्यावर लोकांना धास्ती होती वासाची आणि नगर परिषदेला वीजबिलाची. आत काम करायला लागलेल्या आमच्यासारख्यांच्या वाट्याला मात्र भलताच प्रश्न आला. घाण पुरेना! हसू नका. असल्या प्लांटला चांगली, ताजी, भरपूर घाण रोजच्या रोज लागते आणि ती मिळवता मिळवता आमच्या नाकी नऊ आले.

गाव वैनगंगेच्या काठावर, गोसीखुर्द धरणाच्या खालच्या अंगाला. नाव सांगत नाही, कारण पुढे एका राईस मिलची गोष्ट येणार आहे. मी रसायनशास्त्रात बीएस्सी केलं आणि ठेकेदाराच्या माणसांत केमिस्ट म्हणून लागले. पगार ठेकेदार देणार, तोही त्याच्या सवडीने. नोकरीची बातमी कळल्यावर आत्या आईला म्हणाली, "वैनी, पोरीले एवढी शिकवली अन् संडासाच्या पान्यात कायले धाडली वं?" आईकडे उत्तर नव्हतं. तेव्हा माझ्याकडेही नव्हतं.

प्लांट ३ एमएलडीचा, म्हणजे दिवसाला ३० लाख लिटर पाणी घेणारा. कागदावरचा हिशेब सोपा असतो. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरायचं, त्यातलं ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं असं मानायचं, त्याला लोकसंख्येने गुणायचं आणि पुढच्या वाढीसाठी थोडं वर ठेवायचं. जोत्याची उंची ठरवताना २०२० च्या ऑगस्टअखेरच्या पुराची खूण धरली होती. गोसीखुर्दचे ३३ च्या ३३ दरवाजे उघडले होते तो पूर. त्यामुळे प्लांटवर चढताना अजून दम लागतो, पण त्याबद्दल मी कधी कुरकुर केली नाही.

हा प्लांट कोणाच्या हौसेने आलेला नाही, हेही सांगून टाकते. पाणी प्रदूषणाचा कायदा १९७४ चा. तेव्हापासून आमच्या गावाचं सांडपाणी नाल्यातून थेट नदीत जात होतं आणि कोणाची झोप मोडत नव्हती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक संस्थांना तीन वर्षांची मुदत दिली, त्यानंतर हरित लवादाने महिन्याला लाखांची भरपाई लावण्याची भाषा सुरू केली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अख्ख्या महाराष्ट्रावर कचरा आणि सांडपाण्यापायी १२ हजार कोटींची भरपाई बसली. मग फाइली हलल्या. एक लाखाच्या आतल्या गावांना सांडपाण्यासाठी स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पैसाही होता.

आता तुटवड्याचं. आमच्याकडे भुयारी गटार थोड्याच वार्डांत आहे, बाकी सगळीकडे उघड्या नाल्या. त्या सगळ्या दोन नाल्यांत उतरतात आणि नाले नदीत. नाल्यांच्या तोंडाशी बांध घालून पाणी अडवलं, तिथून ते वेट वेलमध्ये, म्हणजे पाणी साठायच्या विहिरीत, आणि पंपाने वर प्लांटमध्ये. पहिल्याच आठवड्यात मी येणाऱ्या पाण्याचा बीओडी काढला. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतील त्याचं माप. प्लांटच्या आराखड्यात लिटरला २५० मिलिग्रॅम धरला होता. माझा आकडा सत्तर-ऐंशीच्या पुढे जाईना. प्लांट सांभाळणाऱ्या साहेबांना वाटलं मी टायट्रेशन चुकवते. त्यांनी स्वतः बाटली घेतली, थायोसल्फेटचे थेंब सोडले, निळा रंग उडाला तिथे थांबले. आकडा तोच.

कारण साधं होतं. नालीत येत होतं न्हाणीचं, कपड्यांचं, भांड्यांचं पाणी, आणि तोटी नसलेल्या नळांचं चांगलं पाणी. संडासाचं पाणी आलंच नव्हतं. ते घराघरांच्या सेप्टिक टँकमध्ये पडून होतं. ज्याच्यासाठी कोट्यवधीचा प्लांट बांधला, तेच घरी ठेवून गाव आम्हाला धुणं पाठवत होतं.

तरी सुरुवात तर करायची होती. प्लांटमध्ये पाणी साफ करतात ते जिवाणू. पंप, हवा सोडणारे ब्लोअर, पॅनेल ही सगळी त्यांची सरबराई. आमची पद्धत एसबीआर. एकाच टाकीत पाणी भरायचं, खालून हवा सोडायची, मग हवा बंद करून गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी हळूच काढून घ्यायचं. तीन तासांचं एक चक्र, रात्रंदिवस. पण जिवाणू असतील तर ना. नव्या टाकीत ते आपोआप वाढायला फार वेळ घेतात, म्हणून दुसऱ्या शहरातल्या चालू प्लांटमधला गाळ टँकरने आणायचा. दही लावायला शेजारणीकडून विरजण आणतात तसं. गाळ आणणंही बिनघोर नसतं. टँकरमध्ये हवा नसते, आत असलेला ऑक्सिजन जिवाणू केव्हाच संपवून टाकतात, आणि उन्हात वाटेत उशीर झाला की गाळ काळा पडून सडायला लागतो. म्हणून टँकर रात्रीचे निघाले. पहिला टँकर आला तेव्हा फिटर भाऊंनी ब्लोअर आधीच चालू करून ठेवला होता. पाइपातून पडणारा गाळ तपकिरी होता, काळा नव्हता. साहेबांनी गाळाचा मग नाकाजवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाले, "जमलं." निरोगी गाळाला घाण वास येत नाही, ओल्या मातीचा येतो. हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचे काही आठवडे आम्ही त्या गाळाला जगवत होतो. येणारं पाणी इतकं पातळ की त्यात त्यांचं पोट भरेना. ठेकेदाराच्या सुपरवायझरने गुळाच्या ढेपा आणल्या, शेजारच्या गोठ्यातून शेण आणलं. गूळ ड्रममध्ये भिजवून पातळ करायचा आणि हवा चालू असताना धारेने सोडायचा. मुंग्यांनी पॅनेल रूम घेरली. माश्या इतक्या झाल्या की डबा उघडायची सोय राहिली नाही. नुसत्या गुळाने भागत नाही, जिवाणूंना नत्र आणि स्फुरदही लागतं. ढोबळ प्रमाण बीओडी १०० ला नत्र ५ आणि स्फुरद १ असं धरतात. नेहमीच्या सांडपाण्यात ते लघवीतून भरपूर येतं, आमच्याकडे तेच नव्हतं. मग सुपरवायझर युरियासाठी कृषी केंद्रात गेला. धानाची रोवणी तोंडावर, दुकानासमोर रांग, आणि हा म्हणतो मला दोन थैल्या द्या, प्लांटात टाकायच्या आहेत. दुकानदाराने मशीन पुढे केली, आधार लाव म्हणाला, सातबारा आहे का विचारलं. अनुदानाचा युरिया शेतीसाठीच असतो. रांगेतल्या शेतकऱ्यांनी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. युरियाचा विषय तिथेच मिटला.

या काळात मला एकच विरंगुळा होता, मायक्रोस्कोप. रोज सकाळी टाकीतला एक थेंब स्लाइडवर. आधी अमिबा दिसायचे, मग शेपटीने वळवळणारे बारीक जीव, मग भराभर पोहणारे. पाण्यात खायला सुटे जिवाणू भरपूर असतात तोवर पोहणाऱ्यांची चलती असते. गाळ जुळून आला, त्याचे गोळे व्हायला लागले की मग देठावर बसणारे येतात. व्होर्टिसेला पहिल्यांदा दिसला तो दिवस मला आठवतो. घंटेच्या आकाराचं तोंड, कडेला केसांची भिरभिर, खाली लांब देठ गाळाच्या कणाला रोवलेला. मी टेबलाला हात लावला तर त्याने झटकन देठ आखडून घेतला, आणि थोड्या वेळाने सावकाश पुन्हा लांब केला. मी फिटर भाऊंना हाक मारली, त्यांनी चौकीदाराला, चौकीदाराने माळ्याला. सगळ्यांनी एकेक डोळा लावून पाहिला. भाऊ म्हणाले, "मॅडम, म्हंजे हे खाऊन राहिलं आपलं पानी?" म्हटलं, पाणी नाही, पाण्यातले सुटे जिवाणू खातो तो. "मंग ह्याले पगार द्या," चौकीदार म्हणाला. तेव्हा आमच्यापैकी कोणालाच दोन महिन्यांचा मिळाला नव्हता.

दुसरं हत्यार म्हणजे एक लिटरचा काचेचा सिलिंडर. टाकीतलं गढूळ पाणी त्यात भरायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. गाळ किती खाली बसला ते वाचायचं. सुरुवातीला पन्नास-साठ मिलिलिटरवर तळाशी पातळ थर बसायचा आणि वरचं पाणी धुरकट राहायचं. उपाशी गाळाची ही खूण. गोळे बारीक राहतात, टाचणीच्या टोकाएवढे कण तरंगतात. साहेबांनी मग निर्णय घेतला की दोन टाक्यांपैकी एकच चालवायची. जेवढं अन्न येतं तेवढ्यावर जेवढे जगतील तेवढेच जगवायचे. ब्लोअरचा वेगही कमी केला. पाण्यात विरलेला ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅम असला की पुरतो, आमच्याकडे ५-६ दाखवत होता, म्हणजे नगर परिषदेच्या पैशाने आम्ही नुसते बुडबुडे काढत होतो. एक टाकी बंद म्हटल्यावर मात्र गावात बोभाटा झाला की नवा प्लांट अर्धा बंद पडला. एका नगरसेवकाने येऊन मोबाईलवर व्हिडिओसुद्धा काढला. त्याला सिलिंडर दाखवला. त्याने तो मिनिटभर पाहिला, "यात तर काहीच होऊन नाही राहिलं" म्हणाला आणि गेला.

वेट वेलचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नाल्यातून पाणी येतं तिथे लोखंडी जाळ्या आहेत, आधी २० मिलिमीटर फटीची, मग वर प्लांटवर ६ मिलिमीटरची. जाळीवर काय सापडतं यावरून गाव ओळखता येतं. आमच्या जाळीवर खर्ऱ्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणाच्या पन्न्या. शॅम्पूच्या पुड्या, पॅड, नारळाच्या शेंड्या, राखीनंतर राख्या हे सगळं असतंच, पण खर्ऱ्याच्या त्या चौकोनी पन्न्यांचा मान पहिला. त्या पाण्यात उभ्या राहत नाहीत, आडव्या होतात आणि जाळीच्या फटीतून सुळकन निघून जातात. पुढे पंपाच्या पंख्यात गुंडाळतात. एकदा रात्री पन्न्या, चिंध्या आणि कोणाच्या तरी लुगड्याचा काठ मिळून पंप असा जाम झाला की मोटर गरम होऊन बंद. दुसरा पंप दुरुस्तीला गेलेला. पाणी चढून बांधावरून नदीत वाहायला लागलं.

सुपरवायझर फोनवरून म्हणाला, शिडी लावून कोणालातरी उतरवा, पाच मिनिटांचं काम आहे. फिटर भाऊ सरळ नाही म्हणाले. त्यांचा आवाजही चढला नाही. असल्या विहिरीत हायड्रोजन सल्फाइड असतो. थोडा असला की सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गेला वास, आता उतरायला हरकत नाही. उतरलेला वर येत नाही, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही. २०१३ च्या कायद्याने गटारात, सेप्टिक टँकमध्ये सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे, हे मी फोनवर सांगितलं. तो म्हणाला, कायदा मला शिकवू नका. भाऊंनी तोवर चेनपुली आणली होती. पंप मार्गदर्शक पाइपांवर बसवलेला असतो, तो साखळीने वर ओढता येतो, त्यासाठीच ती रचना आहे. तो वर यायला पहाट झाली. भाऊंनी हातमोजे घालून पंख्यातला गोळा सुरीने कापून काढला, तो घमेलंभर निघाला. सकाळी मी तो फोटोसकट रजिस्टरला नोंदवला आणि खाली लिहिलं, "माणूस उतरवला नाही." रजिस्टरमध्ये असं लिहायचा रकाना नसतो, शेऱ्यात लिहिलं. पुढे साहेबांनी गॅस मोजायचं यंत्र मंजूर करून घेतलं.

घाण वाढवायचा खरा मार्ग एकच होता, घरं जोडणं. जिथे भुयारी गटार टाकून झालं होतं तिथेही लोक जोडणी घेत नव्हते. नगर परिषदेचे आरोग्य निरीक्षक, बचत गटाच्या बाया आणि "प्रयोगशाळेच्या मॅडम" म्हणून मी, असे आम्ही दारोदार फिरलो. रस्ता खोदाल अन् बुजवाल कधी, पैसे किती, टॅक्स वाढणार का, हे नेहमीचे प्रश्न. पण सगळ्यात पक्की अडचण होती अभिमानाची. एका निवृत्त गुरुजींनी मला सांगितलं, "बेटा, आमची टाकी बावीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. तुमच्या गटाराची आम्हाला गरज काय?" गुरुजींना चहा पिता पिता मी विचारलं, टाकीचा तळ सिमेंटचा केला होता का? ते आठवू लागले. खरं तर सेप्टिक टँक दर दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. बावीस वर्षं भरला नाही म्हणजे तो टाकी नाहीच, तळ नसलेला खड्डा आहे, आणि आतलं सगळं जमिनीत मुरतं आहे. अंगणातच विहीर होती. मी पिशवीतून एच-टू-एसची बाटली काढली. यात विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरून घरातच ठेवायचं, विष्ठेतले जंतू असतील तर दीड-दोन दिवसांत ते काळं पडतं. पाणी काळंकुट्ट झालं. गुरुजी म्हणाले बाटली खराब असेल, दुसरी लाव. दुसरीही काळी. मग त्यांनी काही न बोलता अर्ज भरला, आणि ती बाटली त्यांनी आपल्या ओट्यावर ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. आमच्या सगळ्या फेऱ्यांनी जे झालं नाही ते त्या गल्लीत त्या बाटलीने केलं.

जोडणी देताना एक गोष्ट आम्ही हट्टाने करायला लावली. जुनी टाकी उपसून, मुरूम भरून बंद करायची आणि संडासाची लाईन सरळ गटाराला. टाकी मधे तशीच ठेवली तर घाण तिथेच कुजते आणि आमच्यापर्यंत पुन्हा तेच उपाशी पाणी येतं. मिस्त्री लोकांना हे आवडत नव्हतं, त्यांचं काम वाढायचं.

उपसलेला मैला टँकर आमच्याकडेच आणू लागला. त्याआधी तो कुठे रिकामा व्हायचा ते गाडीवाल्याने मला सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. रस्त्याकडेच्या बोडीत, छोट्या तळ्यात, व्हायचा हे सगळ्यांना माहीत होतं. मला वाटलं आता आमची चंगळ. पण सेप्टिक टँकचा मैला घट्ट असला तरी वर्षानुवर्षं कुजून त्यातलं बरंचसं सत्त्व गेलेलं असतं, वाळू आणि गाळच जास्त. तो एकदम टाकीत सोडला तर प्लांटला ठसका लागतो. म्हणून वेगळ्या हौदात घेऊन दिवसभरात थोडा थोडा सोडायचा. उपयोग झाला, पण घरांच्या जोडण्यांची सर त्याला आली नाही.

या सगळ्या दिवसांत ढिवर मोहल्ल्यातले एक काका बांधाजवळ डोंगा लावून आमच्याकडे पाहत असायचे. एकदा म्हणाले, "नागपूरची नागनदी कन्हानीत, कन्हान वैनगंगेत, अन् थे समदं गोसीच्या धरनात. तुमच्या ह्या दोन टाक्यानं का होनार हाये?" हा प्रश्न मला झोंबला, कारण नदीचा रस्ता ते सांगतात तसाच आहे. नागपूरला भांडेवाडीचे प्लांट आहेत, तिथलं शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जातं, हे मी त्यांना सांगितलं. पण त्यांना कोराडीचं काय? त्यांचं जाळं आमच्या नाल्याच्या तोंडाशी लागतं. मी म्हटलं, नागपूरचं माझ्या हातात नाही काका, हे तोंड आहे. ते म्हणाले, "वास कमी झाला हे खरं हाय. मच्छीचं पाहू."

जोडण्या वाढत गेल्या तसा येणारा बीओडी शंभरावर गेला, मग दीडशेच्या आसपास टेकला. सिलिंडरमधला गाळ अडीचशेच्या रेघेवर बसू लागला, वरचं पाणी इतकं स्वच्छ की पलीकडे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता यावी. आमच्यासारख्या गावांना केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेत बाहेर सोडायच्या पाण्याचा बीओडी ३० पर्यंत चालत होता. एप्रिल २०१९ मध्ये हरित लवादाने सगळ्यांनाच १० सांगितला, आणि आमच्या निविदेतही १० च आहे. बीओडीचा निकाल मिळायला २७ अंश तापमानात तीन दिवस जावे लागतात. इन्क्युबेटर चालू आणि दुसऱ्या दिवशी विजेची लाईन जाऊन परत येईना, असं झालं की सगळं पहिल्यापासून. उन्हाळ्यात तर मी जनरेटरच्या डिझेलवर पंपाच्या आधी इन्क्युबेटरचा हक्क सांगायची, त्यावरून फिटर भाऊंशी खटके उडायचे.

आणि नेमकं सगळं बसलं तेव्हा मिल आली.

एका सकाळी टाकीवर फेस होता. दिवाळीआधी घराघरांत सफाई निघते तेव्हा साबणाचा पांढरा फेस येतो, तो नव्हता हा. पिवळट, चिकट. ऑक्सिजन शून्यावर, दोन्ही ब्लोअर पूर्ण जोरात असूनही. वास मात्र घरचा होता, भिजवलेल्या धानाचा, थोडा आंबूस. आमच्या भागात हा वास न ओळखणारा माणूस नाही. उसना, म्हणजे उकडा तांदूळ करताना धान गरम पाण्यात भिजवून मग वाफवतात, त्या भिजवणीच्या पाण्यात पिठूळ, साखरी अंश उतरतो, बीओडी हजाराच्या वर जातो. रात्री कोणीतरी हौदच्या हौद नालीत सोडला होता. इतके दिवस अर्धपोटी असलेल्या आमच्या जिवाणूंपुढे एकदम पंगत मांडली गेली. ऑक्सिजन नाही, नत्र कमी आणि पिठूळ भरपूर, अशा वेळी धाग्यासारखे वाढणारे जिवाणू जोर करतात. आठवडा संपेस्तोवर सिलिंडरमधला गाळ नऊशेच्या खाली बसेना. मायक्रोस्कोपखाली नुसतं केसांचं जंजाळ, व्होर्टिसेला गायब. नितळ पाण्याबरोबर गाळही बाहेर जायला लागला.

साहेबांनी थोडा क्लोरीन देऊन धागे मारायला घेतले, रोज मापून, कारण हात सैल सुटला तर चांगलेही मरतात. भाऊ आणि मी पीएचच्या पट्ट्या घेऊन पहाटे नाल्या पाहत गेलो. प्रत्येक फाट्यावर दोन्ही बाजूंना पट्टी बुडवायची, जिकडे आम्ल तिकडे वळायचं. शेवटच्या वळणावर पट्टीची गरजच उरली नाही, नालीतून वाफ निघत होती.

मालक मोठा माणूस. नोटीस निघायला वेळ लागला, आणि ती निघेपर्यंत मला दोनदा "समजावून" सांगण्यात आलं, ते कोणी ते लिहीत नाही. सार्वजनिक गटारात कारखान्याचं पाणी सोडायचं तर बीओडी ३५० च्या आत आणून सोडावं लागतं, हा नियम आहे. मालकाच्या मुनीमाने प्लांटवर येऊन विचारलं, "मॅडम, तुम्हालाच तर घाण कमी पडते म्हणतात ना? मग आमची का नको?" बोलण्यात खवचटपणा होता, पण प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. एका रात्रीत ओतलेलं तेच पाणी आम्हाला मारतं, आणि नियमात आणून दिवसभर थोडं थोडं आलं तर आमच्या पातळ पाण्याला ते हवंच आहे. संडासांच्या जोडण्यांमुळे आता नत्राचीही तेवढी ओढाताण नव्हती. साहेबांनी हे कागदावर मांडलं. मिलने आपल्या आवारात हौद आणि छोटा प्रक्रिया प्लांट बांधायचा, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यायची, नमुना आम्ही तपासायचा, आणि व्हॉल्व्ह आम्ही सांगू तेवढाच उघडायचा.

हौद बांधायला मिलने एक हंगाम घालवला. त्या हंगामात आणखी दोन-तीन रात्री तोच वास आला आणि आम्ही तेच सगळं पुन्हा केलं. आता मुनीम संध्याकाळी फोन करतो, "आज किती?" मी ऑक्सिजनचा आकडा पाहून सांगते. कधी "अर्धा व्हॉल्व्ह", कधी "आज नको, लाईन येऊन-जाऊन आहे." दुसरी टाकी पुढच्या महिन्यात सुरू करतोय. या वेळी गाळ बाहेरून आणायची गरज नाही, पहिल्या टाकीतलाच पुरेल.